कारणाचा रकाना

आमच्या कचेरीत औषधांच्या डबीत घालायची माहितीपत्रकं तयार होतात. ती छापायला जाण्याआधी शेवटची नजर रेडिओताईंची. दिवसभर कानाला हेडफोन, म्हणून हे नाव पडलं. बाईंची गाणी बंद केली तर कंपनीच बंद पडेल, अशी थट्टा चालायची. त्याही हसायच्या.

गाणी नव्हतीच. हे मला कळलं ते यादीमुळे.

कुणीतरी फुकटातला खेळ उतरवून घेतला नि त्याच्याबरोबर व्हायरस आला. दोन दिवस सगळं ठप्प. मग साहेबांनी फर्मान काढलं, की मंजूर यादीत नसलेलं एकही सॉफ्टवेअर कुणाच्या कॉम्प्युटरवर राहणार नाही. ज्याला काही ठेवायचं असेल त्याने शुक्रवारपर्यंत अर्ज करायचा आणि कारण लिहायचं. यादीचं काम माझ्याकडे आलं. टेबलाटेबलाशी जाऊन मी टिपून घेत होते. रेडिओताईंकडे एकच जास्तीची गोष्ट निघाली: पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, भाच्याने टाकून दिलेला.

त्यांनी मला जिन्यापाशी नेलं. दोन वर्षांपासून नजर उतरत चालली होती. मधोमध धुरकट डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. पण कान तयार झाला होता. मात्रेतलं दशांशाचं टिंब निसटलं तर डोळा एखादे वेळी फसेल, कान नाही. दोन वर्षांत त्यांच्या हातून एक चूक सुटली नव्हती. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. निवृत्तीला चार वर्षं होती, आणि तेवढी या खुर्चीवर निघाली की झालं, एवढंच त्यांचं मागणं.

"कारण म्हणून कामाचा वेग वाढतो असं लिहिते," त्या म्हणाल्या. "तेही खरंच आहे की."

मला ते पटेना. खोटं लिहायचं नाही हा माझा रोजचा नेम, आणि लपवणंही मी त्यातच धरते. मी हळू आवाजात समजावत राहिले. वेगासाठी मागितलं तर साहेब नाही म्हणतील, डोळ्यांसाठी मागितलं तर कुठल्या तोंडाने नाही म्हणतील? खरं सांगायला भ्यायचं कशाला? त्या कठड्यावर बोट फिरवत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तूच सांग, मी लिहिते."

मी सांगितलं, त्यांनी टाईप केलं: दृष्टी क्षीण झाल्याने पडद्यावरील मजकूर वाचता येत नाही. छापून त्याखाली सही केली. सही ओळीबाहेर गेली.

अर्ज दुसऱ्याच दिवशी मंजूर. साहेबांनी स्वतः ऐकून पाहिलं, खूश झाले, तपासणीतल्या सगळ्यांनाच द्या म्हणाले. सोमवारी रेडिओताईंच्या खुर्चीवर चांगल्या नजरेची दुसरी बाई बसली होती. प्रोग्राम तिला आवडला. ताईंना तळघरातल्या गोदामात पाठवलं होतं.

मी साहेबांकडे गेले. दोन वर्षांत एक चूक नाही, हे सांगितलं. ते म्हणाले, ते नशीब म्हणायचं. आवाजही चढवला नाही. "बाई, औषधाचं काम आहे. हिला वाचता येत नाही असं कागदावर असताना मी हिला तपासायला कसं बसवू? तुम्हीच सांगा."

मी तळघराचा जिना उतरले.

गोदामात ताई खोक्यांमधल्या स्टुलावर बसून पत्रकांचे गठ्ठे बांधत होत्या. तिथे कॉम्प्युटर नव्हता. मला पाहून, खरं तर माझी पावलं ओळखून, त्यांनी पिशवीतून बदलीचं पत्र काढलं. "सकाळपासून घेऊन बसलेय. इथे कुणाला सांगू? वाच."

मी वाचलं. "आपली दृष्टी क्षीण असल्याने आपणांस तपासणीच्या कामातून मुक्त करण्यात येत आहे."

"काहीतरी गाळलंस," त्या म्हणाल्या. "वाक्य सुरुवातीलाच लंगडतंय. नीट वाच."

मी पुन्हा वरून सुरुवात केली.

"आपण स्वतः लेखी कळवल्याप्रमाणे," मी वाचलं, "आपली दृष्टी क्षीण असल्याने..."

"हं." त्यांनी पत्र माझ्या हातून काढून घेतलं आणि चारदा घडी घातली. "आता बरोबर आहे. जाऊ दे छापायला."

आणि पुढचा गठ्ठा ओढला.