चौथऱ्यातला गिडिऑन

त्या रविवारी दुपारी आमच्या वस्तीच्या कलादालनात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी प्रदर्शनाला वीस माणसं आली तरी आम्ही धन्य होतो! पण बातमी थेट राजधानी हरारेपर्यंत पोचली होती: मेलेला शिल्पकार गिडिऑन स्वतःच घडवलेल्या दगडी पुतळ्यातून घरघरतो, आणि तेही बायको समोर आली की.

मबिरा मी वाजवत होतो, पुतळ्याशेजारच्या स्पीकरला जोडून. फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी छेडायच्या. हे वाद्य मी घडवतोही. त्याला बाटल्यांची पत्र्याची झाकणं लावतात. त्यांची घरघर झाली की पूर्वज ऐकायला येतात, असं आमच्याकडे मानतात. झाकणांशिवाय वाजवलं तर म्हातारी माणसं उठून जातात. सेकुरू चिकोवोरेनं नेमकं हेच हेरलं होतं.

हा सेकुरू म्हणजे आमचा मांत्रिक. खांद्यावर बिबट्याचं कातडं, मनगटात सोनेरी घड्याळ.

"पूर्वजांना खोटं खपत नाही!" तो गरजला. "फरायी, गिडिऑनचं आवडतं गाणं वाजव. आणि तू गं, हो पुढे!"

गिडिऑनची बायको, रुवाची आई, पुढे आली. नवरा तापानं गेला, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण मागचे दोन रविवार ती समोर येताच पुतळा घरघरला होता, आणि तिनंच त्याला मारलं असं सेकुरू सांगत होता. आज तिसऱ्यांदा घरघरला की ती चेटकीण ठरणार आणि सहा वर्षांच्या रुवाला तिच्यापासून तोडून काकाकडे, एलायसकडे, देणार. भावाच्या घरावर एलायसचा केव्हाचा डोळा होता.

आता माझं पाप सांगतो. पहिल्या रविवारी मीही शहारलो होतो. मग त्याच आठवड्यात माझ्या दुकानात पट्ट्या जुळवताना लक्षात आलं: सगळ्यात खालच्या सुराची पट्टी छेडली की भिंतीवरच्या फळीवरचा खिळ्यांचा डबा घरघरतो. बाकी कुठल्या सुराला नाही. त्या गाण्यात तो सूर सारखा येतो. इतर वेळी सेकुरू मला तो सूर नसलेलीच गाणी सांगायचा. सगळं कळलं, तरी दुसऱ्या रविवारी मी मुकाट वाजवलं. शापाला भ्यालो, लोकांनाही भ्यालो.

आज मी तेच गाणं वाजवलं, फक्त ती पट्टी टाळून. पुतळा गप्प.

"नीट वाजव की रे!" सेकुरू खेकसला.

"नीटच वाजवतोय. आता तिला मागे होऊ द्या, तुम्ही या पुढे."

"मी कशाला?"

"पूर्वजांना खोटं खपत नाही ना? मग घाबरताय कशाला?"

लोक हसले. झक मारत तो पुढे आला. मी खालची पट्टी छेडली. स्पीकरमधून सूर घुमला आणि पुतळा घर्रर्र करून उठला.

"अगं बाई, यानंच मारलं की काय गिडिऑनला!" एक म्हातारी ओरडली.

"कुणीच मारलं नाही, आजी. चौथरा बघा."

चौघांनी पुतळा उतरवला, चौथरा उलटा केला. लाकडी पोकळ खोका. आत पातळ पत्रा, त्यावर सैल खिळ्यांनी अडकवलेली बिअरची झाकणं.

"सूर जुळला की पत्रा थरथरतो आणि झाकणं वाजतात," मी म्हणालो. "माझ्या वाद्यात वाजतात तशीच. एलायस, सुतार तू ना? हा खोका कुणी ठोकला?"

एलायस दाराकडे सरकू लागला. त्याची आणि सेकुरूची वाट गर्दीनं अडवली.

मी रुवाच्या आईची माफी मागितली. ती म्हणाली, "पहिल्यांदा वाजवलंस तेव्हा तुला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा?"

तिनं लेकीला जवळ घ्यायला हात पसरले. रुवा एलायसच्या बायकोच्या, तिच्या काकूच्या, झग्याआड सरकली. दोन आठवडे काका-काकूंनी तिच्या कानात काय काय भरलं होतं कोण जाणे.

"आई," ती तिथूनच म्हणाली, "तू मला खाणार नाहीस ना?"

खोका उलटा करायला आम्हाला दोन मिनिटं लागली. त्या पोरीच्या मनातली भीती कधी निघेल, मला माहीत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, दगड बोलला की आधी वाकून खाली बघा. विचारा, तपासा. आणि ज्याला कळलंय त्यानं त्याच दिवशी तोंड उघडावं. माझ्यासारखा पुढच्या रविवारपर्यंत थांबू नये.