हातभर केबल

बाबांनी हॅम रेडिओच्या ट्यूनरचं बटण केसभर फिरवलं. मीटरचा काटा खाली येऊन निमूट बसला. माईक तोंडाशी धरून त्यांनी मित्राला हाक मारली आणि कान टवकारले.

मित्र रेडिओवर होताच; इतरांशी खणखणीत आवाजात बोलत होता. दोघांनी उमेदीची वर्षं एकाच जहाजाच्या रेडिओखोलीत काढली होती. निवृत्तीनंतर शेजारी-शेजारी घरं बांधायची, असं ठरलेलं. पण बाबा मुलाकडे, या उंच इमारतीत राहायला आले. तेव्हापासून त्यांच्या हाकेला मित्राची ओ नव्हती.

"काटा तर ठीक दाखवतोय," सून म्हणाली.

"ट्यूनर फक्त रेडिओची समजूत काढतो गं. गच्चीवरच्या अँटेनापर्यंतची ही लांबलचक केबल निम्म्याहून जास्त ताकद वाटेतच गिळते. तो बिचारा ऐकणार काय?"

"मग फोन करा ना त्यांना."

बाबा चष्मा पुसू लागले. स्वच्छ होता, तरी पुसत राहिले.

"बरं," ती उठली. "गच्ची काही खाली यायची नाही. आपणच वर जाऊ."

रेडिओची जड बॅटरी उचलून जिने चढताना तिला धाप लागली.

"जहाजावरही हमालीला माणूस लागायचा का हो बाबा?"

"लागायचा. पण तो इतकी कुरकुर करत नसे."

पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्यांनी रेडिओ मांडला. अँटेनाची तार तिथेच उतरत होती. हातभर केबल पुरली. ट्यूनरचा काटा पुन्हा खाली बसला. बाबांनी हाक मारली.

बराच वेळ नुसती खरखर. मग मित्राचा आवाज आला, इतरांशी बोलताना असे त्याहून हळू.

"तुला मी रोज ऐकत होतो. पुसट, तुटक. पण ऐकू येत होतास."

बाबांनी कान रेडिओच्या जवळ नेला.

"आज इतका स्वच्छ आलास, की ऐकलंच नाही असं स्वतःलाही सांगता येईना. शेजारची जागा मोकळीच आहे. गवत माजलंय नुसतं. ओव्हर."

सून उगाचच दूर जाऊन कठड्याशी उभी राहिली.

बाबांनी माईकचं बटण दाबलं. ते तसंच दाबून धरलं. मित्राला नुसता गच्चीवरचा वारा ऐकू जात असणार.

त्यांनी बटण सोडलं, तरी पलीकडून कुणी घाई केली नाही.