आत्याबाई दावी सोडतात

आभाळ भरून आलं की आत्याबाई, म्हणजे माझी सासू, बाहेर पडते आणि दिसेल त्या गोठ्यातली जनावरं सोडून देते. आपली सोडली तर कुणाची हरकत नाही. दुसऱ्याचीही सोडते, तिथं पंचाईत होते.

पूर आला तेव्हा आमच्या म्हशी दाव्याला बांधलेल्या जागीच बुडाल्या. आत्याबाई पत्र्यावर बसून त्यांचं हंबरणं बंद होईपर्यंत ऐकत होत्या. पाणी ओसरलं, घर धुऊन झालं, आणि मग आत्याबाईंचं एकेक निसटायला लागलं. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं. मग माझं नाव गेलं. मग आपण जेवलो की नाही, तेही. माझ्या हातचं जेवण माझा नवराही ताटावरून उठताच विसरतो, पण त्याला कुणी दवाखान्यात नेत नाही.

डॉक्टर म्हणाले, वय आहेच, पण असा धसका बसला की तो डोकं पोखरत राहतो. कोंडू नका, माणसांत ठेवा, हिंडू द्या.

मागच्या आठवड्यात शेजारच्या भगवानरावांचे बैल सुटून त्यांच्याच तुरीत शिरले. ते तरातरा आमच्या दारात आले. "परमेश्वर, म्हातारीला आवर बे. न्हाई तर बांधून घाल."

माझ्या नवऱ्यानं, परमेश्वरनं, मान खाली घातली आणि संध्याकाळी आत्याबाईंच्या खोलीला बाहेरून कडी ठोकली. आम्हाला ऊसतोडीला जायचं होतं. मागं म्हातारी एकटी. "दोन वेळचं जेवण शेजारीण आत सरकवंल," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी अंधारून आलं. आत्याबाई आतून दार बडवायला लागल्या.

"मनिषा! अगं पाणी आलं! सोड मला!"

किती दिवसांनी माझं नाव आलं तोंडात, आणि तेही असं.

परमेश्वर दाराला पाठ लावून उभा. "उघडू नको. थकली की गप बसंल."

"म्हशी पण थकल्यावरच गप बसल्या," मी म्हणाले.

तो बाजूला झाला. मी कडी काढली.

"आन् उसाचं काय?"

"तुमी अर्धा कोयता म्हणून जावा." नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस अर्धा. "माझा अर्धा इथंच लागतोय."

आत्याबाई तोवर भगवानरावांच्या गोठ्यापाशी पोचल्या होत्या. भगवानराव दारात आडवे.

"मनिषा, तुझी पण अक्कल गेली काय?"

"गेली. सरका."

"बैल तुरीत जातील!"

"तुरीच्या कडंला मी काठी घेऊन उभी ऱ्हाते. तुमच्या तुरीचं पान हाललं तर मला बांधा. आत्याबाईंच्या अंगाला हात लावायचा न्हाई."

आमचं भांडण चालू असताना आत्याबाई भगवानरावांच्या हाताखालून वाकून आत गेल्याही. दाव्याशी झटायला लागल्या. बोटं ऐकेनात.

"इतकी आवळून गाठ कुणी मारली रं मुडद्यानं?"

"मीच," भगवानराव ओशाळून म्हणाले.

"मग बघतोस काय? सोड की!"

भगवानरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी काठी घेऊन तुरीकडं निघालेच होते. वाकून त्यांनी गाठी सोडल्या. बैल आरामात बाहेर आले आणि अंगणात उभे राहून रवंथ करायला लागले. पाऊस चार थेंब पडून थांबला.

आत्याबाई पदरानं हात पुसत बाहेर आल्या.

"पुढचं घर कुणाचं गं?"

"गीताबाईचं," मी सांगितलं. "शिव्या लई देती."

"दिऊ दे," म्हणत त्या चालायला लागल्या.