तिसऱ्या मजल्यावरची गाय

मी गाय नाही, हे आधीच सांगून टाकते. मी एक काळी, गोल, मधे भोक असलेली गाण्यांची तबकडी आहे. गाय आहे ती माझ्या कव्हरवर. हिरव्या कुरणात आपल्याकडे पाठ करून उभी, आणि मान वळवून अशी बघतेय की जणू कुणी हाक मारली आणि ओ द्यावी की नाही ते तिचं ठरत नाहीये. कव्हरवर बाकी काही नाही. ना बँडचं नाव, ना गाण्यांचं. माझ्या आयुष्यातले निम्मे घोटाळे एवढ्यामुळेच झाले.

जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यातला, साल सत्तर. पिंक फ्लॉइड नावाच्या बँडची मी तबकडी. शिकायला गेलेल्या एका डॉक्टरांच्या सामानातून हैदराबादला आले. डॉक्टर वारले, घर आवरलं गेलं, आणि मी पोहोचले आबिड्सच्या फुटपाथवर. तिथे रविवारी दुकानं बंद असतात आणि बंद दारांपुढे जुन्या पुस्तकांचे ढीग मांडतात. ढिगाच्या मालकाने माझं कव्हर नीट पाहिलं आणि मला गुरांच्या रोगांवरच्या पुस्तकांत ठेवून दिलं. जनावरांचा डॉक्टर होऊ घातलेल्या एका मुलाने मला उलटसुलट करून विचारलंही, की यात दुधाचं काही सांगितलंय का. त्या दिवसांत मलाच शंका यायची, की मी खरंच संगीत आहे ना.

श्रीकांतने मला पाहिलं तेव्हा तो विद्यापीठात इंजिनिअरिंगला होता. त्याचा चेहरा असा झाला की ढिगाच्या मालकाने त्याला बसायला स्टूल दिलं. हातातली गणिताची जाडजूड पुस्तकं त्याने तिथेच ठेवली आणि बदल्यात मला उचललं. त्या वर्षी तो गणितात राहिला. त्याचा दोष त्याने मला कधी दिला नाही, हेही नोंदवून ठेवते.

त्याच्या खोलीत माझ्याआधी बरीच मंडळी राहायला आलेली होती. जेथ्रो टल होते, त्यांच्यातला एकजण एका पायावर उभं राहून बासरी वाजवतो. येसच्या कव्हरांवर डोंगर हवेत तरंगायचे. लेड झेपलिनच्या एका कव्हरवर पाठीवर मोळी घेतलेला म्हातारा होता. डीप पर्पल होते, जेनेसिस होते. कॅमलच्या कव्हरवर उंट, त्यामुळे त्यांच्याशी माझं जरा जास्त जमायचं. श्रीकांतकडे कुणी पाणी प्यायला आलं, तरी आधी त्याला सांगावं लागे की जेनेसिस आधीचे बरे की नंतरचे. पाच मिनिटांत संपलं ते श्रीकांतच्या मते गाणं नव्हे, जाहिरात. माझी अख्खी पहिली बाजू म्हणजे एकच गाणं. भात शिजून निवला तरी ते चालूच असतं. म्हणून मी त्याची सगळ्यांत लाडकी.

पुढे त्याला रेल्वेत नोकरी लागली, विद्यापीठाजवळच, तारनाक्याला, तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं आणि पुण्याची योगिनी लग्न होऊन आली. ती मानसशास्त्रात एम.ए. होती. त्यामुळे काळजी करताना त्या काळजीचं शास्त्रीय नावही तिला माहीत असायचं.

पहिल्या रविवारी त्याने मोठ्या अभिमानाने मला लावलं. माझ्या सुरुवातीला पितळी वाद्यं वाजतात. खालून वरात चाललीय असं समजून ती गॅलरीत जाऊन आली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी नळ ठिबकण्याचा आवाज आहे, आणि खोबण अशी कापलेली की सुई उचलेपर्यंत तो थांबतच नाही. तारनाक्याला पाणी एक दिवसाआड. श्रीकांत डोळे मिटून तल्लीन, आणि योगिनी बादली घेऊन न्हाणीघरात, मग स्वयंपाकघरात, मग गच्चीवरच्या टाकीपर्यंत. खरं काय ते कळल्यावर ती जिन्यातच बसून हसली. मग म्हणाली, गळका नळ आम्हाला पुण्यात फुकट ऐकायला मिळायचा.

पण तिला सवय झाली. गाण्यांची म्हणण्यापेक्षा श्रीकांतच्या बोलण्याची. ती भाजी निवडायची आणि तो सांगत राहायचा, हा ड्रम कुठे चुकल्यासारखा वाटतो आणि का चुकलेला नसतो. तिच्या माहेरी जेवताना कुणी बोलत नसे. तिथे शांततेला शिस्त म्हणत. इथे हा माणूस आमटी वाढून घेतानाही बोलत होता. बँडची नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत, कव्हरं राहायची. ते मोळीवाले लावा, म्हणायची.

तिला दिवस गेले तेव्हा देगलूरजवळच्या गावाहून सासूबाई आल्या, सुशीलाबाई. शेत धाकट्या मुलाच्या हवाली करून आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी भिंतींची पाहणी केली. पोटुशा बाईने सुंदर चेहरे बघावेत, आणि इथे नेमकं पलंगासमोर किंग क्रिमसन या बँडचं कव्हर लावलेलं: नाकपुड्या फुगवून, जबडा वासून किंचाळणारा माणूस. सुशीलाबाईंनी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि त्याच्या जागी बाळकृष्ण लावला. जेथ्रो टलला मात्र त्यांनी राहू दिलं. बासरी वाजवतो म्हणजे चांगल्या घरचा असंल, म्हणाल्या.

रेणू जन्मली आणि किंचाळली, तेव्हा योगिनीने आधी तिच्या नाकपुड्या पाहिल्या.

मग काळजीचा कारखानाच सुरू झाला. बाळ झोपलं की श्वास बघायचा, जागं झालं की का जागं झालं ते बघायचं. एका मासिकात तिने वाचलं की मोठ्या आवाजाने बाळांच्या कानांचं काहीतरी होतं. काय होतं ते पुढच्या अंकात येणार होतं आणि तो अंक हैदराबादला आलाच नाही. ती श्रीकांतला म्हणाली, आवाज जरा कमी करा. त्याने केला. आठवड्याने पुन्हा म्हणाली, त्याने पुन्हा केला. एकदाही वाद घातला नाही, आणि तिथेच चुकलं. वाद घातला असता तर तिला कळलं असतं की किती पुरे. शेवटी आम्ही सगळ्या कपाटात उभ्या राहिलो आणि आमच्याबरोबर त्याचं बोलणंही बंद झालं. ऑफिसातून आला की तो नव्याने आलेली परदेशी चॅनेलं एकामागून एक फिरवत बसायचा, आवाज बंद करून.

ती शांतता योगिनीला ओळखीची होती. रेणूला मांडीवर घेऊन ती कपाटाकडे बघत बसायची. आपण चांगली आई व्हायला गेलो आणि घराचं माहेर करून ठेवलं, हे तिच्या तोंडावर मला वाचता यायचं. पण लावा म्हणावं, तर उद्या रेणूच्या कानांचं काही झालं तर.

अशात दिवाळी जवळ आली आणि श्रीकांतने जाहीर केलं की सगळ्या तबकड्या तो अभिजीतला देतोय. अभिजीत त्याचा मित्र, मूळचा पुण्याचाच, नव्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. सिंगापूरला जाऊन आल्यापासून त्याच्याकडे सगळं दोन-दोन असायचं. जुन्या तबकड्या जमवायचा त्याला नाद होता. बदल्यात तो आपला सीडी प्लेअर देणार होता, कानात घालायच्या हेडफोनसकट. आता मी बाप झालो, श्रीकांत म्हणाला, कानात घालून ऐकीन, कुणाला त्रास नको. तो चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो समजूतदारपणे म्हणाला. योगिनीच्या जिभेवर नको आलं होतं, ते तिने रेणूच्या दुधाच्या बाटलीचं बूच घट्ट करण्यात घालवलं.

अभिजीत यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी वसुबारस होती. लेकराबाळांसाठी आई गायवासराची पूजा करते तो दिवस. योगिनीची पहिलीच. तिचा विश्वास होता असं नाही. पण पूजा करायची नाही एवढाही तिचा विश्वास नव्हता. सुशीलाबाई ताट घेऊन पुढे, रेणूला कडेवर घेऊन ती मागे, अशा दोघी गायीच्या शोधात निघाल्या. कोपऱ्यावरच्या देवळापुढे एक गाय बसलेली दिसली. जवळ गेल्यावर ती उठून उभी राहिली आणि बैल निघाली. मग त्या दूधवाल्या अप्पारावच्या गोठ्यावर गेल्या. तो मान हलवत म्हणाला, "गाय कां है अम्मा, सब भैंसां हैं. एक भैंस की कर लेव पूजा, दूध तो येइच देती."

सुशीलाबाई म्हशीला नमस्कार करून परत आल्या. संध्याकाळ झाली. दिवसभर दोघी उपाशी, श्रीकांत अजून ऑफिसात. अभिजीतसाठी बांधून ठेवलेल्या आमच्या गठ्ठ्यावर सगळ्यांत वर मी होते. सुशीलाबाईंची नजर माझ्यावर पडली आणि तिथेच थांबली.

"ही काय गाय."

योगिनी घाबरली. अहो आई, ते इंग्लंडचं आहे, त्यांच्या फार जिवाचं, कोपरासुद्धा दुमडू देत नाहीत, असं बरंच काही बोलली. सुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या, गाय गायच असती, इंग्लंडची आसंना. फोटोतला देव चालतो मग गाय का चालू नये. फक्त नुसती गाय चालणार नव्हती, वासरू हवं होतं. दोघींनी इकडेतिकडे पाहिलं. मग योगिनीने रेणूला उचलून माझ्यासमोर पाटावर बसवलं.

मी आयुष्यात मोठमोठ्या स्पीकरांतून वाजले आहे, पण इतकी घाबरले नव्हते. सुशीलाबाईंनी माझ्या खुरांवर पाण्याचे थेंब सोडले, ते योगिनीने लगेच पदराने टिपले. अक्षता आल्या, झेंडूचं फूल आलं. वासराने माझा कोपरा चघळायला घेतला. सुशीलाबाईंनी करंगळीच्या टोकाएवढं कुंकू लावलं आणि ताट योगिनीपुढे केलं. तिने अंगठा कुंकवात बुडवला. अंगठा माझ्यावर आला आणि थांबला. तिने एकदा बांधलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, एकदा बंद टीव्हीकडे. आणि गायीच्या कपाळावर असा दाबून टेकवला की कुंकू शिंगांपासून डोळ्यांपर्यंत गेलं. हे चुकून झालं असं कुणी म्हणालं तर म्हणो. त्या अंगठ्याखाली मी होते.

श्रीकांत रात्री उशिरा आला आणि गठ्ठ्याकडे न बघताच झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिजीत भलाथोरला खोका घेऊन, धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आला. त्याने मला हातात घेतलं आणि गायीच्या कपाळावरून बोट फिरवून ते लाल झालेलं पाहिलं. मग म्हणाला, अरे श्रीकांत, हिच्यासाठीच तर मी हो म्हटलं होतं. ओल्या फडक्याने पुसून बघू या का, असंही त्याने सुचवलं.

"पुजलेल्या गाईचं कुंकू पुसतेत का, बाबा?" सुशीलाबाई म्हणाल्या. "आन घरची गाय दिवाळीत कोणी भाईर देतं का?"

अभिजीत व्यवहाराला बरा. गाय ठेवा म्हणाला, बाकीच्या द्या, सीडी प्लेअरऐवजी वॉकमन देतो. श्रीकांतचं तिकडे लक्ष नव्हतं. तो मला उजेडात धरून बघत होता. कोपऱ्यावर रेणूच्या हिरड्यांची खूण होती, कपाळावर लालभडक मळवट. योगिनीने श्वास रोखून धरला होता. मीही, जितका तबकडीला रोखता येतो तितका.

कुणी लावलं एवढं, त्याने विचारलं. सुशीलाबाई सुनेला वाचवायला तोंड उघडणार, इतक्यात योगिनी बोलली.

"बोट आईंचं. अंगठा माझा." मग एकदम, अभिजीत आहे हे विसरून, "मी आवाज कमी करा म्हटलं होतं. बंद करा नव्हतं म्हटलं. तुम्ही तर स्वतःलाच बंद केलंत."

श्रीकांतने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कमी म्हणजे किती?"

हा प्रश्न त्याने कितीतरी महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. योगिनीने जरा विचार केला.

"रेणूला ऐकू येईल आणि खालच्यांना येणार नाही, इतका."

त्याने गठ्ठ्याची दोरी सोडली. अभिजीतला म्हणाला, बस, आलायस तर एक ऐकवतो. मला लावलं आणि बोलायला लागला. जेनेसिस आधीचे बरे की नंतरचे, इथपासून. सुशीलाबाईंनी मधेच विचारलं, हे लग्नाचं बँड कवा संपंल. रेणू पितळी वाद्यांत झोपली आणि योगिनीने तिचा श्वास फक्त दोनदा बघितला. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन अभिजीत आपला खोका घेऊन जिना उतरला, तेव्हाही श्रीकांत कठड्यावरून वाकून त्याला येसबद्दल काही सांगत होता.

म्हणजे मी वाचले. आम्ही सगळ्याच वाचलो. पण वाचण्याचीही एक किंमत असते.

माझं कव्हर आता देव्हाऱ्यात असतं. दर वसुबारसेला त्यावर कुंकवाचा नवा थर चढतो. गायीचं तोंड कधीच दिसेनासं झालंय, मागची बाजू तेवढी ओळखू येते. मी स्वतः खाकी कागदाच्या पिशवीत राहते, रेणूच्या वह्यांना कव्हरं घालून उरलेल्या. रेणू आता शाळेत जाते. आमच्या घरी तिसऱ्या मजल्यावर गाय आहे, असं तिने वर्गात सांगितलं आणि बाईंनी योगिनीला भेटायला बोलावलं. योगिनी त्या काळजीत दोन दिवस जेवली नाही.

श्रीकांत बोलतो पूर्वीसारखाच. मोळीवाले वाजतात, उंटवाले वाजतात. पण मला लावायचं म्हटलं की सुशीलाबाई आडव्या येतात. पुजलेली आहे, तिला गरागरा फिरवू नका, म्हणतात. श्रीकांत आईपुढे बोलत नाही, योगिनी सासूपुढे बोलत नाही, आणि मी पिशवीत.

माझी तक्रार मोठी नाही. गाय म्हणा, देवी म्हणा, कुंकू लावा, मी सगळं चालवून घेईन. पण गुराढोरांत वाढलेल्या बाईला एवढं तरी ठाऊक असायला हवं, की गाय पिळली नाही तर आटते. तारनाक्याला तुमचं येणंजाणं असेल, तर तेवढं त्यांच्या कानावर घाला. मी सांगून उपयोग नाही. गायीनं मधे बोलू नये, म्हणतील.