दिवसाला चारशे पंप

मी एक जुना पंप आहे. हवेचा, पायाने मारायचा. हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण मित्रांनो, एवढं एक वाक्य वेळेवर कोणी न बोलल्यामुळे एका मुलीची सगळी मेहनत मातीत जाणार होती.

माझा जन्म रायपुरातल्या भनपुरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, दोन हजार साली झाला. त्याच वर्षी आमचं राज्यही जन्मलं. राज्याला राजधानी मिळाली, मला लाल रंग मिळाला. रेल्वेच्या वॅगन कारखान्यातले सुधाकरराव मला घरी घेऊन गेले. ते मूळचे वर्ध्याकडचे, पण रायपुरात इतकी वर्षं काढलेली की होकार देताना 'हव' म्हणतात. त्यांची मुलगी निधी पुढे सायकलच्या शर्यतींत उतरली. तिच्या चाकांत हवा मीच भरायचो. ती जिंकली की हार सायकलला, पेढा सुधाकररावांना आणि मला दाराआडची जागा. तक्रार नाही. पंपाला हार घालायचा तरी कुठे?

मग अपघात झाला. नवा रायपुरचा रस्ता सहापदरी. त्यावर तासाभरात एकच मोटार आली आणि तिला नेमकी निधीच सापडली. डाव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर शर्यतीचं नाव काढू नका.

समता कॉलनीतल्या शर्मिष्ठा मॅडम असे पाय व्यायामाने पुन्हा चालते करतात. त्यांनी फोनवर सांगितलं, "घोट्याचे पंप करवा. सकाळी दोनशे, संध्याकाळी दोनशे." त्यांच्या भाषेत याचा अर्थ, घोटा नुसता वरखाली हलवणं. सुधाकररावांनी जन्मभर वॅगनी दुरुस्त केल्या होत्या. त्यांच्या भाषेत पंप म्हणजे पंप. त्यांनी मला दाराआडून काढलं, निधीच्या खुर्चीपुढे मांडलं आणि माझी नळी ट्रकच्या एका जुन्या ट्यूबला जोडली.

निधी बसल्या बसल्या पायाने मला दाबायची. सुधाकरराव शेजारी स्टुलावर बसून मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचे. ट्यूबला बारीक भोक होतं. संध्याकाळी फुगलेली ट्यूब सकाळी पुन्हा बसलेली असायची, त्यामुळे काम कधी संपलंच नाही. पंधरा दिवसांनी मॅडमनी घरी येऊन हा प्रकार पाहिला, कपाळाला हात लावला, मग घोटा तपासला. म्हणाल्या, "हळूहळू चालू द्या. पण हे मी सांगितलं, असं कोणाला सांगू नका."

पाच महिन्यांत निधी परतली आणि पहिल्याच शर्यतीत दुसरी आली.

सुधाकररावांचा आनंद पोटात मावेना. त्यांनी वहीच्या पानाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पानावर होतं: 'निधी. पंप. सकाळी २००, संध्याकाळी २००.' आता मित्रांनो, दम्याच्या रोग्याची तोंडाने ओढायची औषधाची डबी असते, तिलाही लोक पंपच म्हणतात. खेळाडूला ते औषध फार मोजूनमापून घेता येतं. फोटो या ग्रुपातून त्या ग्रुपात गेला. तिसऱ्या दिवशी परत आला तेव्हा त्याखाली लिहिलेलं होतं, 'पाँच महीने में वापसी का राज़.' चारशे वेळा औषध ओढलं तर माणूस सायकलवर बसेल की सरळ वर जाईल, हा हिशेब कोणीच केला नाही.

फोटो सायकल संघटनेपर्यंतही पोचला आणि निधीच्या लघवीचा नमुना तपासणीला गेला. अहवालाला तीन आठवडे लागणार होते आणि राष्ट्रीय शर्यतीची यादी तर दोन दिवसांत लागणार होती. चौकशी समितीचा निरोप आला: पंप घेऊन या.

त्या सकाळी मला पिशवीत भरताना सुधाकररावांनी मान वर न करता विचारलं, "पोरी, तू दुसरं काही त नाही ना घेतलं?"

निधीचा हात दाराच्या कडीवर थांबला. फार लागलं की ती हिंदीत बोलते.

"बाबा, अब आप भी?"

नवा रायपुरपर्यंत बसमध्ये निधी खिडकीबाहेर पाहत होती, सुधाकरराव तिकिटाच्या घड्या करत होते. मी दोघांच्या मधे होतो. इतकी कोंडलेली हवा मी कुठल्याच ट्यूबमध्ये पाहिली नाही.

समितीचे चारुदत्तसाहेब नोकरीसाठी पुण्याहून आलेले. पुरावा ठेवायला त्यांनी हाताच्या पंजाएवढं पाकीट आणलं होतं. मी त्यात मावलो नाही.

"हा तोंडात कसा धरता?" साहेबांनी विचारलं.

"तोंडात काहून, साहेब? पायाखाली धरते ती."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. मग म्हणाले, "हा तुम्ही काल बाजारातून उचलून आणला नाही कशावरून? रोज दोनशे मारलेला पाय असेल तर आत्ता मारून दाखवा. नाहीतर नाव काढावं लागेल."

ट्यूब कोणी आणली नव्हती. तेव्हा साहेबांनी चौकशीच्या हितासाठी स्वतःच्या गाडीच्या एका चाकातली हवा सोडायला लावली. चालकाने दोनदा विचारून खात्री करून घेतली. आसपास पाच किलोमीटरमध्ये पंक्चरचं दुकान नव्हतं.

निधीने डावा पाय ठेवला. दहा. वीस. चाळीस. माझ्यावरचा हवेचा काटा हलेना. ती पुन्हा सरावाला जाऊ लागली तेव्हापासून चाकांत हवा तिथेच भरली जायची, मला कोणी हात लावला नव्हता, आणि माझ्या पोटातला चामड्याचा वॉशर वाळून पापड झाला होता. हवा कडेने फुस्स करून निघून जात होती. मला ओरडून सांगायचं होतं, पण तेवढीही हवा माझ्यापाशी नव्हती. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

निधी खाली बसली. तिने मला उलटं केलं, हातानेच नट सोडवला.

"बाबा, डबा द्या."

"आता जेवतं का?"

"लोणचं पाहिजे."

तिने कैरीच्या लोणच्याचं तेल वॉशरला चोळलं. मोहरी मला आतून अशी झोंबली की काय सांगू! मग ती उभी राहिली आणि बाबांकडे न पाहता म्हणाली, "मोजा."

सुधाकरराव मोजू लागले. काटा थरथरला, मग चढू लागला. निधीच्या पायावरचा टाक्यांचा व्रण ताणला जात होता. एकशे बाराला सुधाकररावांचा आवाज बंद पडला.

"थांबले काहून?" पाय न थांबवता निधी म्हणाली. "रोज तुम्हीच त मोजत होते. एक तरी माह्या तोंडात गेला का?"

सुधाकररावांनी गमछ्याने तोंड पुसलं. "एकशे तेरा," ते म्हणाले, एवढ्या मोठ्यांदा की चालक दचकला.

दोनशे सहाला चाक उभं राहिलं.

साहेबांनी लिहिलं: 'पंप हवेचा असल्याचे आढळले. लोणच्याचा वास येतो.' नाव यादीत राहिलं. तीन आठवड्यांनी अहवालही स्वच्छ आला. सुधाकररावांनी तो त्याच ग्रुपवर टाकला. फोटो अर्ध्या शहराने पुढे पाठवला होता. अहवालाला तीन अंगठे आले, त्यातला एक त्यांचाच. अजूनही बाजारात कोणी 'पंपवाली' म्हणतं. निधी ऐकते आणि सायकल पुढे काढते.

मित्रांनो, फुगवणं हा माझा धंदा आहे. त्याला पाय लागतो, घाम लागतो, शेजारी मोजणारा माणूस लागतो. तुम्ही मात्र नुसत्या अंगठ्याने फुगवता. ते काम तेवढं माझ्यावर सोडा.

सुधाकरराव आता दर रविवारी माझ्या वॉशरला दोन थेंब तेल देतात. निधी विचारते, "रोज कुठं लागतो तो, काहून करून राहिले?"

"वाळलं की धरत नाही," ते म्हणतात. काय, ते सांगत नाहीत.

तुमच्या घरी पंप असेल तर त्यालाही द्या. फक्त लोणच्याचं नको.