बटण कोण दाबतं

"पेटी व्यवस्थित चालू आहे आता. तू उगाच आलीस," असं म्हणत दादानं तिच्या खांद्यावरची मीटरची पिशवी घ्यायला हात पुढे केला. जणू बहीण घरी आली होती आणि आता तिला गाडीत बसवून द्यायचं होतं, असा त्याचा एकूण आविर्भाव.

तिनं पिशवी दिली नाही. "आलेय तर बघून जाते," ती म्हणाली.

बांधकामांना भाड्यानं जाणाऱ्या विजेच्या पेट्या तपासणं हे तिचं काम. चाकांच्या, माणसाच्या कमरेएवढ्या उंच पेट्या. एका बाजूनं वीज आत घ्यायची, दुसऱ्या बाजूच्या सॉकेटांतून पंपांना, दिव्यांना, यंत्रांना द्यायची. आणि मधे गळती-स्विच. वीज वाट सोडून पाण्यात, ओल्या जमिनीत, कुणाच्या अंगात निसटू लागली की क्षणात पुरवठा तोडणारा. गोदामातून बाहेर पडणारी आणि परत येणारी प्रत्येक पेटी तिच्या हाताखालून जायची. सतत हातात तारेला चिमट्यासारखं पकडून वीज मोजणारा चिमटा-मीटर असायचा म्हणून गोदामातले लोक तिला चिमटाताई म्हणत. तिलाही ते आवडायचं. चिमटा काढल्याशिवाय काही पेट्या बोलत नाहीत, असं ती म्हणायची.

या कामावर गेलेली पेटी सारखी बंद पडते अशी तक्रार होती. गोदामाच्या मालकांनी ती बदलून दिली, तर दुसरीही पडायला लागली. तेव्हा त्यांनी तिलाच पाठवलं. इथला मुकादम तिचा सख्खा भाऊ आहे, हे त्यांना ठाऊक होतं. भावंडं आपसात निस्तरतील, असा त्यांचा हिशेब असावा.

समोर इमारतीच्या पायाचा प्रचंड खड्डा होता. जमिनीतून पाणी झिरपत होतं आणि चार कोपऱ्यांतले चार पंप ते उपसत होते. पोटरीभर चिखलपाण्यात मजूर सळया बांधत होते, त्यात बायका अर्ध्या. दादाची पँटही मांडीपर्यंत भिजलेली होती.

ती पेटीजवळ गेली. गळती-स्विचवर तपासणीचं छोटं बटण असतं. ते दाबलं की स्विच पडायलाच हवा. तिनं दाबलं. पंप घरघरत राहिले. पुन्हा दाबलं. काही नाही.

तिनं झाकणाचे स्क्रू काढले. स्विचमध्ये शिरणाऱ्या तारा सोडवून पुढच्या तारांना थेट जोडल्या होत्या. स्विच जागेवर होता, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. जोड मात्र देखणा होता. टोकं घट्ट पिळून, मागे दुमडून, वर टेपचे एकसारखे वेढे. वडील गेल्यावर दादानं शाळा सोडली आणि वायरमनचं काम धरलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून त्यानं तिला तारा सोलायला शिकवलं होतं, टोक असंच दुमडायला लावलं होतं. 'नाहीतर बोटाला टोचेल गं,' म्हणायचा. या हाताची ओळख तिला पटवून द्यायची गरज नव्हती.

तिनं मुख्य खटका खाली ओढला. चारही पंप थांबले. अचानक पसरलेल्या शांततेत खड्ड्यातल्या सगळ्यांनी मान वर केली.

"सगळे वर या," ती ओरडली. "पाण्यात कुणी थांबू नका."

"चालू कर ते," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "पाणी चढलं तर बाजूची माती बसेल. कळतंय का तुला?"

"कळतंय. म्हणून तर माणसं वर घेतेय."

"मी काय मजा म्हणून केलं का? काल दिवसभरात दहा वेळा पडली पेटी. ठेकेदार म्हणतो, हे लोक उतरले की पडते, म्हणजे हेच कुणीतरी गुपचूप बटण दाबतात. बसायला मिळावं म्हणून."

शिडीवरून वर आलेल्या एका वयस्कर बाईनं ते ऐकलं. टोळीतले सगळे तिला मावशी म्हणत. तिनं पदरानं हात पुसले. "आम्ही त्या पेटीला शिवलोसुद्धा नाही, ताई," ती म्हणाली. "काल दोघांची हजेरी कापली ठेकेदारानं, बटण दाबलं म्हणून. बसायचं असलं तर आम्ही सांगून बसू. चोरून कशाला बसू?"

दादा मावशीची नजर चुकवत म्हणाला, "तारा जोडल्यावर आधी मी उतरलो होतो. सकाळपासनं तू येईपर्यंत यांच्याबरोबर पाण्यातच उभा होतो. यांना एकटं नाही सोडलं मी."

"तू उभा राहिलास म्हणून वीज लाजणार आहे का, दादा?"

ती कामाला लागली.

आधी तिनं तारा पुन्हा गळती-स्विचमधून घेतल्या. एकही पंप न जोडता बटण दाबलं, स्विच खटकन पडला. तपासणीच्या यंत्रानं थोडी गळती मुद्दाम करून पाहिली, तरी वेळेत पडला. म्हणजे पेटी निर्दोष. मग एकेक पंप जोडत गेली. पंपाकडे जितकी वीज जाते तितकीच परत यायला हवी. कमी आली तर ती कुठेतरी सांडतेय. प्रत्येक केबलच्या जाण्यायेण्याच्या तारांभोवती मिळून चिमटा लावून ती आकडा बघत होती. चारही पंप सुरू झाले. आकडे गरीब गाईसारखे शांत. पेटी पडेना.

"बघ," दादा म्हणाला. "आता माणसं वर आहेत तर कशी चालतेय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण मावशीचा चेहरा उतरला. टोळीतल्या एकानं मान फिरवली.

चिमटाताई खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली. माणसं नसताना पाणी आरशासारखं स्थिर होतं. माणसं उतरल्यावर काय बदलतं, याचा ती विचार करत राहिली. ती चालतात. सळया ओढतात. पाणी हलतं.

तिनं पडलेला एक लांब बांबू उचलला आणि काठावरूनच पाणी ढवळायला सुरुवात केली. एक कोपरा झाला, दुसरा झाला. मजूर बघत होते. कुणीतरी म्हणालं, "ताई ताक घुसळतायत," आणि दोघं-तिघं हसले. पेटीत येणाऱ्या तारांना लावलेला मीटर तिनं दादाच्या हाती दिला होता. तिसऱ्या कोपऱ्यात लाट भिंतीवर आपटली आणि त्याच्या हातातला आकडा झर्रकन चढला. खटका पडला. पंप बंद.

कुणी हसलं नाही.

त्या कोपऱ्यातल्या पंपाच्या केबलला पाण्याच्या जरा वर एक जोड होता, टेप गुंडाळलेला. पाणी हललं की जोड भिजायचा, वीज पाण्यात उतरायची, आणि पेटी आपलं काम करायची. पेटी माणसं असतानाच पडत होती, कारण माणसं असतानाच पाणी हलत होतं.

"नवी केबल मागितली होती मी," दादा म्हणाला. "दोनदा."

तिनं तो पंप काढून ठेवला. उरलेले तीन पंप सुरू करतेय तोच ठेकेदाराची गाडी आली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. माणूस मूर्ख नव्हता, त्याला समजलं. समजूनच तो म्हणाला, "जोड सापडला ना? मग तो उंच बांधा, चौथा पंप लावा आणि त्या तारा परत थेट करा. मला आज आणखी एकदाही काम थांबलेलं चालणार नाही."

चिमटाताईनं पेटीचं झाकण बसवलं, पिशवीतून स्वतःचं कुलूप काढलं आणि कडीत अडकवलं. किल्ली ब्लाउजमध्ये ठेवली.

"हे काय?"

"पेटी आमची आहे. ती अशीच चालेल, नाहीतर बंद राहील."

त्यानं तिच्या मालकांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. मालक काकुळतीला आले होते. "ताई, मोठं गिऱ्हाईक आहे. किल्ली देऊन टाका आणि निघून या. पुढचं ते बघतील."

"पुढचं काय बघतील, मालक? पाण्यात बायामाणसं आहेत. किल्ली मी तुमच्या हातात देईन, इथं नाही देणार. मला कामावरून काढायचं तर उद्या आल्यावर काढा."

तिनं फोन परत केला. ठेकेदार दादाकडे वळला. "मुकादम, हातोडी घ्या. कुलूप तोडा."

हातोडी सळयांच्या ढिगावरच होती. दादानं ती उचलली. चिमटाताई पेटीसमोरून हलली नाही. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग शिडीशी उभ्या असलेल्या टोळीकडे, आणि हातोडी ठेकेदारापुढे धरली.

"तुम्ही तोडा," तो म्हणाला. "पण मग खाली पण तुम्हीच उतरा. मी आता कुणाला उतर म्हणणार नाही."

ठेकेदारानं हातोडी घेतली नाही. "उद्यापासून येऊ नका," एवढंच दादाला म्हणाला आणि फोन कानाला लावून बाजूला गेला.

मावशी पुढे आली. "ताई, ते बटण कुठलंय, दाखवा तरी. ज्याच्यापायी आमची हजेरी गेली ते."

बटण आणि खटका झाकणाच्या खिडकीतून बोटाला लागत होते. चिमटाताईनं दाखवलं. "रोज उतरायच्या आधी दाबायचं. खटका पडला तर वर करायचा आणि उतरायचं. नाही पडला तर कुणी कितीही बोंबलू दे, उतरायचं नाही."

मावशीनं ठेकेदाराला दिसेल अशा बेतानं उभं राहून बटण दाबलं. खटका पडला, पंप थांबले. तिनं खटका वर केला, पंप सुरू झाले. मग टोळीतला दुसरा आला, तिसरी आली. प्रत्येकानं स्वतःच्या बोटानं दाबून बघितलं. पंप थांबत होते, सुरू होत होते. ठेकेदार लांबून बघत होता. सगळ्यांचं झाल्यावर टोळी शिडीनं खाली उतरली.

तीन पंपांनी पाणी हटेना, पण चढलंही नाही. दुपारी एका कडेची माती थोडी ढासळली. तिथं त्या वेळी कुणी नव्हतं. संध्याकाळी नवी केबल आली.

केबल आली तेव्हा दादा आपला डबा आणि चपला घेऊन फाटकाबाहेर पडला होता. चिमटाताई त्याच्यामागून निघाली. बसथांब्यावर तो म्हणाला, "वहिनीला तुझ्या काय सांगू?"

"मी येते ना बरोबर. मी सांगते."

"तुझं काय होणार?"

"उद्या कळेल. मालक रागावतील आधी. मग विचार करतील, नाहीतर नाही करणार."

बस आली. अर्धी रिकामी होती. दादाची पँट अजून ओली होती, चिखल वाळून पांढरा पडला होता. सीट खराब होईल म्हणून तो दांडा धरून उभा राहिला. कंडक्टरनं तिला रिकामी जागा दाखवली. तिनं मान हलवली, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि दादाच्या शेजारचा दांडा धरला.