तेलाची साक्ष

सुलिएती सकाळी आठला धुतल्या तोंडाने तिकीट-खिडकीवर बसायची आणि दहा वाजायच्या आत तिचं कपाळ, नाक, हनुवटी पुन्हा चकाकू लागायची. टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या उकाड्यात घाम कुणाला सुटत नाही? पण हा घाम नव्हता. तिच्या कातडीचा पिंडच तेलकट होता.

बोटीच्या तिकिटांच्या त्या कचेरीतले साहेब चार माणसांसमोर म्हणायचे, "सुलिएती, तळलेला मासा खाऊन आलीस की तोंडाला फासून आलीस?" शेजारच्या खिडकीतल्या बायका फिदीफिदी हसायच्या. तीही हसायची आणि हसून झालं की आत जाऊन दार लावून घ्यायची.

आधी तिने दिवसातून पाच वेळा साबण लावला. मग जखमा पुसायचं स्पिरिट आणलं. पांढऱ्या गणवेशाची कॉलर डागाळते म्हणून मान आणि खांदेही ती त्यानेच पुसू लागली. कातडी ताणली, कोंडा सुटला, तरी दुपारपर्यंत नाक पुन्हा चमकायचंच! मग ती आणखी जोरात घासायची. महिनोन्‌महिने हेच चाललं. घरी कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

अशात चुलतभावाचं लग्न आलं. सुलिएतीचं स्वतःचं लग्न त्यानंतर महिन्याने, लिसियातेशी ठरलेलं. रीतीप्रमाणे लग्नातला नाच तिनेच करायचा होता आणि लिसियातेच्या घरची माणसं पुढच्याच चटईवर बसली होती. नाचणाऱ्या मुलीच्या अंगाला खोबरेल चोळायचा मान आत्याचा. टोंगात आत्याचा शब्द बापाच्याही वरचा, आणि पिसिला आत्याने आजवर अकरा मुलींना आपल्या हाताने तेल लावलं होतं. तेल अंगावर चकाकलं तर मुलगी अस्पर्शित, अंगात जिरलं तर मुलगी वाया गेलेली, असं तिला तिच्या आजीने शिकवलं होतं.

पिसिलाने खांद्यावर तेल ओतलं. चोळता चोळता ते नाहीसं झालं.

"बाटली दे पुन्हा."

दुसऱ्यांदाही तेच. खांदे कोरडे, मान कोरडी. पिसिलाचा हात थांबला.

"खरं सांग. कोण आहे तो?"

"कोण तो, आत्या?"

"माझ्यापुढे वेड पांघरू नकोस! तेल खोटं बोलत नाही."

"आत्या, देवाशपथ, कुणी नाही गं!"

पिसिलाने तिच्या केसांतली पिसं काढून घेतली, पडदा सारला आणि मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ही नाचणार नाही."

एवढंच! पण तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते पुरेसं होतं. तिसऱ्या दिवशी सुलिएतीच्या घरून गेलेल्या लग्नाच्या चटया आणि झाडाच्या सालीची वस्त्रं लिसियातेच्या घरून परत आली, नीट घडी घालून. लग्न मोडलं. बाप मुलीशी बोलेनासा झाला. सुलिएती मात्र दार लावून घासतच राहिली. आता तिला काय पुसून काढायचं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. अखेर मान चिघळली, ताप चढला, तेव्हा आई लाविनिया तिला कालोलाइनेकडे घेऊन गेली. कालोलाइने निवृत्त नर्स, आणि ख्रिस्ती देवळातल्या गायकवर्गाची प्रमुख. तिने जखम कापसाने टिपली, कापसाला आलेला स्पिरिटचा वास घेतला, लाविनियाकडून तेलाची हकीकत ऐकली आणि पिसिलाला बोलावणं धाडलं.

"पिसिला, तुझी चटई वर्षभर उन्हात पडली आणि तिच्यावर तेल सांडलं, तर ती पिते की नाही?"

"पिते. त्याचं काय?"

"मग त्या चटईलाही विचारणार, कोण आहे तो म्हणून?"

"थट्टा करू नकोस. ही रीत आहे."

"रीत! मग लिसियातेच्या अंगाला तेल लावून कुणी पाहिलं? पोरीची कातडी स्पिरिटने जाळून निघालीये. वाळलेली कातडी तेल पिणारच. त्यात पाप कसलं?"

मग ती सुलिएतीकडे वळली. "आणि तू गं, शहाणे! तेल देवाने कातडीच्या राखणीला दिलंय. सकाळ-संध्याकाळ सौम्य साबणाने तोंड धुवायचं, वर पातळसं मलम लावायचं. दुपारी चमकलं तर मऊ कागदाने टिपायचं. टिपायचं, घासायचं नाही! आणि कुणी हसलं तर हसू दे. पण आधी ही मान बरी होऊ दे."

पिसिला पुढे सरकून सुलिएतीची मान निरखू लागली. मग ती हळूच म्हणाली, "कालो... सात वर्षांपूर्वीची तालिता. तिच्या अंगातही तेल जिरलं होतं."

कालोलाइनेने डोळे मिटले. "तालिताला लहानपणापासून इसब होता. मलम मीच द्यायची. तू मला विचारलं नाहीस. आणि मी मान-मर्यादा बघत गप्प बसले. ते पाप माझं."

"अरे देवा! ती पोर तोंड लपवून ऑकलंडला गेली ती परत आली नाही. मी घालवली तिला!"

पिसिला जमिनीवर बसली आणि तिने भाचीच्या पायांवर डोकं टेकलं. मोठ्या आत्याने भाचीपुढे वाकलेलं त्या घराने कधी पाहिलं नव्हतं. सुलिएतीने तिला उठवलं नाही, दूरही लोटलं नाही.

रविवारी स्तोत्र संपताच पिसिला देवळात उभी राहिली. "मी दोन निष्पाप मुलींना डाग लावला. तेलाला काही कळत नाही. कळायला हवं होतं ते मला." लिसियातेची आई पंख्याने वारा घेत समोर बघत राहिली. परत आलेल्या चटया पुन्हा न्यायला तिच्या घरून कुणी आलं नाही. सुलिएतीच्या मानेवरचा काळा चट्टा कायमचा राहिला. तालिताला पिसिलाने पत्र पाठवलंय. अजून उत्तर नाही.

बंधुभगिनींनो, देवाने कातडी दिली ती देह झाकायला. तिच्यावर मुलीचं शील वाचत बसू नका, तिच्या चमकेवर चारचौघांत हसू नका. हसणाऱ्याचा शब्द तिथेच विरतो, पण ती मुलगी तो घरी नेते आणि दार लावून घेते. आपल्या घरात असं दार लागलेलं दिसलं, तर आजच ठोठावा. लाविनियाने ठोठावलं, पण फार उशिरा.